प्रोग्रॅम कुठला करू? आधी वजन कसं वाढणार ते बघ

जिम लावून दोन-तीन महिने झाले की हा प्रश्न येतोच. दादा, पीपीएल (पुश-पुल-लेग्ज, म्हणजे एक दिवस ढकलायचे व्यायाम, एक दिवस ओढायचे, एक दिवस पाय) करू का फुल बॉडी (दर वेळी सगळं अंग), का अप्पर-लोअर (एक दिवस कमरेच्या वरचं, एक दिवस खालचं)? परवा मावसभावाने तर स्क्रीनशॉटचा ढीगच पाठवला. व्यायामांची नावं छान, रेप्स (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप) दिलेल्या, सेट (न थांबता मारलेल्या रेप्सचा एक गट) दिलेले, एकात तर सेटमध्ये पाणी कधी प्यायचं तेही होतं, पण पुढच्या सोमवारी बारवर किती वजन लावायचं आणि ते नाही उचललं गेलं तर काय करायचं, हे एकाही ठिकाणी नव्हतं. माझ्या मते प्रोग्रॅम म्हणजे तेवढंच, बाकी सगळी यादी. यादी कुणीही करतं.

नवीन माणसासाठी अजूनही मी ५ बाय ५ टाइपचंच सांगतो. आठवड्यातून ३ दिवस, दोन वर्कआउट आलटून पालटून. एकात स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच (बाकावर झोपून बार छातीवरून ढकलणं), रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) आणि दुसऱ्यात स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस (उभ्याने बार डोक्यावर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं). डेडलिफ्टचा एकच सेट, बाकी सगळं ५ सेट ५ रेप्स. स्क्वॉट रिकाम्या २० किलोच्या बारने सुरू करायचा आणि दर वेळी अडीच किलो वाढवायचे. पहिल्या आठवड्यात बाजूचे लोक बघतात, हा काय रिकामा बार घेऊन बसलाय म्हणून, बघू देत. कारण हिशोब कर ना, आठवड्याला ३ वेळा अडीच म्हणजे साडेसात किलो, ८ आठवड्यांत ६० किलो, म्हणजे बार धरून ८० वर आलास. हे असंच कायम चालत नाही, कुठेतरी अडकतोच, पण अडकल्यावर काय हेही त्यात लिहिलेलं असतं: तेच वजन सलग ३ वर्कआउट नाही निघालं तर १० टक्के कमी कर आणि परत चढ. हे वाक्य मला अख्ख्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्या दिवशी मूड कसा आहे, कोण बघतंय, यावर काही ठरत नाही.

साइज हवी का ताकद, हा वाद पहिल्या वर्षात घालायचाच नाही. सुरुवातीला दोन्ही एकदमच येतात, मांड्या पण भरतात आणि स्क्वॉट पण वाढतो. फक्त ५ बाय ५ मध्ये हात आणि पाठीची रुंदी थोडी मागे राहते, त्यामुळे शेवटी पुलअप आणि बायसेप कर्लचे २-३ सेट मार, कोणी पोलीस येत नाही. आणि मुलींसाठी एक, ओव्हरहेड प्रेसला २० किलोचा बार सुरुवातीला खूप जणींना जड जातो आणि १५ किलोचा बार आपल्याकडच्या गल्लीतल्या जिममध्ये शोधून सापडत नाही, तर सरळ डंबेलने सुरू करा, त्यात काही कमीपणा नाही.

आता खरी अडचण, जी बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये कोणी विचारातच घेत नाही. अडीच किलो वाढवा म्हणजे बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट लागते आणि बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीचचीच असते. म्हणजे उडी ५ किलोची. स्क्वॉट ८० वर असेल तर ५ किलो म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास, निघून जातं. पण बेंच ४० वर असेल तर तेच ५ किलो साडेबारा टक्के झाले, आणि मग मुलं म्हणतात माझं चेस्टच वीक आहे. अरे चेस्ट वीक नाही, प्लेट नाहीये! एक तर सव्वाच्या दोन प्लेट स्वतः विकत घे आणि बॅगेत ठेव, नाहीतर रेप्सची रेंज धर. समजा ६ ते १०, सेट ३. पहिल्या दिवशी ४० किलोवर ८, ७, ६ निघाल्या, वहीत लिहिल्या. पुढच्या वेळी ८, ८, ७. मग ९, ८, ८. वजन तेच आहे पण तू वाढतोयस. तिन्ही सेटला १०, १०, १० झाल्या की ४५ लाव, तिथे ७, ६, ६ वर पडशील, पडू दे, परत तिथून वर चढ. ही वही महत्त्वाची, ॲप चालेल, पण कुठेतरी लिहिलेलं पाहिजे कारण मागच्या गुरुवारी किती मारलं होतं हे कुणालाच आठवत नाही आणि जे आठवतं ते जास्तच आठवतं.

आणि तो भिंतीवरचा चार्ट, सोमवार चेस्ट, मंगळवार बॅक, बुधवार शोल्डर वगैरे. (सोमवारी संध्याकाळी सातला बेंच मिळवून दाखवा कोणीतरी.) त्याने बॉडी बनत नाही असं मी म्हणणार नाही, खूप जणांची बनलीये. पण त्यात एक मसल आठवड्यातून एकदाच लागतो आणि एकाच दिवशी चेस्टचे १६ सेट मारताना शेवटचे सहा नुसते हात हलवणं असतं. तेच सेट दोन दिवसांत वाटले तर प्रत्येक सेट ताजा निघतो. साधारण आठवड्याला एका मसलचे १० ते २० जड सेट, आणि जड म्हणजे अजून एक-दोन रेप्स निघाल्या असत्या इथे थांबायचं. पीपीएल चांगलंच आहे, पण ६ दिवस येणाऱ्यासाठी. ३ दिवस येऊन पीपीएल करणारा परत आठवड्यातून एकदाच पाय मारतो, आणि ज्या दिवशी ऑफिसमधून निघायला उशीर होतो तो नेमका लेग डे असतो, हा योगायोग मी फार वेळा बघितलाय. तर आधी खरंच किती दिवस येणार ते ठरव, ३ असेल तर फुल बॉडी, ४ असेल तर अप्पर-लोअर.

दर वर्कआउटला वजन वाढणं बंद झालं, दोन-तीनदा १० टक्के कमी करूनही तिथेच अडकलास, की मग ५/३/१ नावाच्या प्रोग्रॅमसारखं काहीतरी. त्यात वाढ महिन्याने होते, स्क्वॉट-डेडलिफ्टला ५ किलो आणि बेंच-प्रेसला अडीच. आणि उचलायच्या वजनाचे टक्के खऱ्या मॅक्सवर (एकदाच उचलता येईल ते जास्तीत जास्त वजन) नाही, त्याच्या ९० टक्क्यांवर काढतात. म्हणजे १०० चा स्क्वॉट असेल तर हिशोब ९० धरून, पहिल्या आठवड्यातला शेवटचा सेट त्याच्या ८५ टक्के, साडेशहात्तर किलो. हलकं वाटतं, वाटू दे, त्या शेवटच्या सेटला ५ च्या पुढे जितक्या निघतील तितक्या मारायच्या असतात. इथून पुढे मात्र साइज आणि ताकद थोडी वेगळी होते. ताकद ही बऱ्यापैकी सवय पण आहे, जड सिंगल-डबल (एक-दोन रेप्सचे सेट) उचलून उचलूनच जड उचलता येतं, आणि साइज तर ६ रेप्सनेही येते आणि २० नेही, फक्त सेट पुरेसे आणि दमवणारे पाहिजेत. नुसती साइज हवी असेल तर लेग प्रेस, केबल, मशीन, सगळं बिनधास्त वापर.

खाण्याचं थोडक्यात. किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२. अंड्याला ६ धर, ५० ग्रॅम सोया चंक्सला २६ च्या आसपास, बाकी डाळ, दही, पनीर, चिकन. श्रावणात घरी चिकन-अंडी बंद होतात तेव्हा सोया आणि पनीर आधीच आणून ठेवायचं, नाहीतर महिनाभर प्रोटीन अर्ध्यावर येतं आणि शिव्या प्रोग्रॅमला पडतात.

आणि गणपतीत, दिवाळीत गॅप पडणारच, त्याचं टेन्शन घेऊ नको. दहा-बारा दिवसांनी परत आलास की वहीतलं शेवटचं वजन बघ, त्यातून १० टक्के काढ, पहिला आठवडा तेवढ्यावर कर. पाय दुखतीलच, दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागेल.