मागची शीट

कॉलेजात असताना मी एसटीत मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायचो. शहाणी माणसं पुढं बसत. मागं यायचे ते उशिरा चढलेले, नाहीतर माझ्यासारखे हौशी. गावाच्या वेशीवर गतिरोधक आला की आधी पुढची चाकं चढून उतरायची. मग मागची. आणि क्षणभर आपण बाकावर नसायचो. पोटात गोळा, पिशवीतला डबाही आपल्यासोबत अधांतरी.

गतिरोधक आपल्याला वर फेकतो असं तेव्हा वाटायचं. चढताना तो रेटतो हे खरंच, पण खरी गंमत माथ्यावर आहे. तिथं रस्ता कमानीसारखा खाली वळतो. त्याच्याबरोबर वळायचं तर आपल्यालाही कुणीतरी खाली, त्या कमानीच्या केंद्राकडं ओढायला हवं. पुस्तकात याला अभिकेंद्री बल म्हणतात. ते दुसरीकडून कुठून येणार? आपल्या वजनातूनच वळतं होतं. उरेल तेवढंच बाकाला जाणवतं.

रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच असतो. त्याच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर, आणि तो ओलांडायचा ताशी २५ किलोमीटरनं. स्प्रिंगांचा हिशेब बाजूला ठेवला, तर या वेगाला ६० किलोचा माणूस माथ्यावर ४३ किलोंचा होतो. (फुकटात १७ किलो कमी!) ही घट वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी ४६ किलोमीटरच्या जरा पुढं सगळं वजन खर्ची पडतं. त्यापुढं रस्ता आपल्याखालून खाली जातो आणि आपण सरळच निघतो. कुणी फेकत नाही, नुसता आधार सुटतो.

वेशीवरचा आमचा गतिरोधक या मापाचा नव्हताच. एका अपघातानंतर रातोरात घातलेला, जेमतेम अर्धा मीटर रुंद, उंची मात्र तेवढीच. मी एकदा वहीत गणित मांडलं, तर त्रिज्या हातभरसुद्धा भरली नाही. तिथं वजन शिल्लक राहील कशाला! त्यात मागचा बाक मागच्या चाकांच्याही पलीकडं. पुढची चाकं जमिनीवर, मागची उचललेली, म्हणजे सीसॉच. चाकं चार बोटं उठली की आम्ही चार बोटांहून जास्त.

कंडक्टर मामांनी हे काहीच वाचलेलं नसावं. ते मधल्या वाटेत पाठ पुढं करून उभे असत, तिकिटं फाडत. रस्ता त्यांना दिसत नसे. पण वेस यायच्या बरोबर आधी त्यांचे गुडघे किंचित वाकायचे, बस खाली-वर व्हायची आणि मामांचं डोकं होतं तिथंच. हातातली चिल्लरसुद्धा वाजायची नाही.

"पोरा, जीभ आत घे," एवढंच म्हणायचे, माझ्याकडं न बघता.