आमची वाटचाल : १२ टनांवरचे रीडिंग

आमचा व्यवसाय बोअरवेलच्या एका जुन्या ड्रिलिंग मशीनवर सुरू झाला. पुढे चिपळूण, खेड, संगमेश्वर या भागांत डोंगर कापून रस्ते आणि इमारती होऊ लागल्या, तेव्हा संरक्षक भिंतींच्या कामांत सॉईल नेलिंगची (म्हणजे मातीत सळया रोवून कापलेला उतार धरून ठेवण्याची) उपकंत्राटे आमच्याकडे येऊ लागली. या पद्धतीत भिंत वरून खाली उतरत जाते : दीडेक मीटर माती काढायची, किंचित खाली झुकणारी भोके पाडायची, त्यांत सळया (म्हणजेच नेल) घालून सिमेंटचा ग्राऊट, म्हणजे पातळ मिश्रण, भरायचा, जाळीवर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेले काँक्रीट, मारायचे आणि मगच पुढचा टप्पा खोदायचा. फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेच्या कटिंगसाठी १९७२ मध्ये अशी भिंत उभी राहिली, हे आम्हाला फार उशिरा कळले. आम्ही हे काम हातानेच शिकलो.

चाचणीचे महत्त्व मात्र एका शाळेच्या आवारामागच्या भिंतीने शिकवले. २५ मिलिमीटरची सळई, १०० मिलिमीटरचे भोक, प्रत्येक नेलवर ६ टनांचा संकल्पित भार असे ते काम होते. कायमचे नेल घालण्याआधी काही नेल केवळ चाचणीसाठी बसवून ते दुप्पट भारापर्यंत, म्हणजे १२ टनांपर्यंत ओढून पाहायचे होते. अशा नेलच्या आतल्या ३ मीटर लांबीतच ग्राऊट भरायचा असतो आणि तोंडाजवळची १ मीटर सळई मोकळी ठेवायची असते, कारण आतली माती ग्राऊटला किती घट्ट धरते तेवढेच आपल्याला मोजायचे असते.

पहिल्या नेलवर पोकळ जॅक चढवला, सळई किती सरकते ते मोजणारा डायल गेज स्वतंत्र तिकाटण्यावर लावला आणि टप्प्याटप्प्याने भार वाढवत १२ टनांवर नेला. सळई जेमतेम ०.७ मिलिमीटर सरकली. आम्हाला अतिशय आनंद झाला. सल्लागार अभियंत्यांनी मात्र तो निकाल तिथेच नाकारला. त्यांनी वहीत हिशेब मांडून दाखवला : तोंडाजवळची १ मीटर आणि जॅकमधून गेजपर्यंतची अर्धा मीटर अशी दीड मीटर सळई मोकळी असेल, तर १२ टनांना ती नुसती ताणूनच सुमारे १.८ मिलिमीटर वाढली पाहिजे, आणि मोजलेली हालचाल निदान त्याच्या ८० टक्के भरली पाहिजे. ती भरत नाही, याचा अर्थ सळई मोकळी नाही. खोदून पाहिले तेव्हा ग्राऊट तोंडापर्यंत येऊन, जॅक ज्यावर टेकतो त्या बेअरिंग पॅडला भिडलेला आढळला. जॅक आपल्याच ग्राऊटवर रेटा देत होता आणि आतल्या मातीपर्यंत तो भार पोहोचलाच नव्हता. चूक सर्वस्वी आमची होती.

नवा नेल बसवताना मोकळ्या भागावर पीव्हीसीची नळी चढवली, ग्राऊट तळापासून नळीने मोजून भरला आणि त्याला पुरेशी ताकद येईपर्यंत थांबलो. या वेळी ९ टनांवर ६० मिनिटे भार धरून ठेवला, तेव्हा सहाव्या ते साठाव्या मिनिटादरम्यान सळई ३.१ मिलिमीटर सरकली. मर्यादा २ मिलिमीटरची होती. भार आणखी वाढवताच साडेदहा टनांच्या आसपास भार दाखवणाऱ्या प्रेशर गेजचा काटा पुढे जाईना आणि सळई मात्र हळूहळू बाहेर येत राहिली. जांभ्याखालचा मऊ चिकणमातीचा थर त्या उंचीवर आडवा गेला होता, आणि पहिल्या चाचणीवर विसंबून आम्ही पुढे गेलो असतो तर त्याच थरात सगळे नेल घालून मोकळे झालो असतो. संकल्पनकारांनी त्या पट्ट्यातले नेल लांब केले, त्यांतले आडवे अंतर दीड मीटरवरून १.२ मीटरवर आणले, आणि त्यानंतरच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. त्यासाठी गेलेले तीन आठवडे पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला फार जड गेले, पण ते मागून घेतल्याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या कामानंतर आम्ही पहिली मोठी खरेदी केली ती नव्या मशीनची नव्हे, तर स्वतःच्या जॅकची. तो आणि त्याचा प्रेशर गेज आम्ही जोडीनेच कॅलिब्रेट करून घेतो. कायमच्या नेलपैकी ५ टक्के दीडपट भाराला तपासायचे असतात, ते कोणते हे आता आमचा ड्रिलर ठरवत नाही, देखरेखीचा अभियंता ठरवतो. चाचणीच्या प्रत्येक नेलची मोकळी लांबी ग्राऊटनंतर पट्टीने मोजून तिचा फोटो नोंदवहीत लावला जातो, आणि तो नसेल तर जॅक गाडीतून खाली उतरत नाही.