ई-लिलावात बोली लावताय? आधी हे बघा

आज लातूरच्या एका प्लॉटचा बँकेचा ई-लिलाव (कर्ज थकल्यावर बँक तारण मालमत्ता ऑनलाइन विकते तो) शेवटपर्यंत पाहिला. आपल्या मराठवाड्यातली बरीच मंडळी आता यात उतरतायत, म्हणून लिहितोय.

जाहिरातीत ताबा ‘सांकेतिक’ आहे की ‘प्रत्यक्ष’ हे आधी वाचा. सांकेतिक म्हणजे ताबा फक्त कागदोपत्री, आत अजून कोणी राहत असू शकतं. विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ तत्त्वावर असते, त्यामुळे सातबाऱ्यावरचे इतर हक्क, फेरफार आणि थकीत घरपट्टी आपणच तपासायची. हे न बघता बोली लावूच नका.

पैशाचं गणित असं: राखीव किंमत (बँकेने ठरवलेली किमान किंमत) १८ लाख, तर बोलीआधी भरायची अनामत बहुधा १० टक्के, म्हणजे १,८०,००० रुपये. बोली १९ लाखांना सुटली तर २५ टक्के म्हणजे ४,७५,०००. त्यातून अनामत वजा जाता २,९५,००० त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त! उरलेले ७५ टक्के साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत.

शेवटच्या मिनिटाला बोली टाकून बाजी मारू म्हणाल तर बहुतेक ठिकाणी वेळ आपोआप पाच मिनिटं वाढते. त्यापेक्षा आपली कमाल रक्कम आधीच कागदावर लिहून ठेवा. बटण दाबण्याआधी आकड्यातली शून्यं मोजा, बोली मागे घेता येत नाही. लाइटचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉप चार्ज आणि मोबाइलचं हॉटस्पॉट तयार हवंच. लिंक मात्र व्हॉट्सअॅपवरून उघडू नका, पत्ता बँकेच्या नोटिशीत बघून स्वतः टाइप करा.