तुम्ही विचारलंत म्हणून: आयात शुल्काचे पैसे कोण भरतं?

मी अर्थशास्त्र शिकवते हे कळलं की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो: बाहेरच्या मालावर शुल्क लावलं तर देशाचं भलं होतं की नुकसान? विचारणाऱ्याचं मत बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, आणि ते शुल्काच्या बाजूने असतं. माझं मत उलट आहे. बहुतेक वेळा नुकसानच होतं. जिथे फायदा झाला, तिथे शुल्कासोबत एक कडक अट होती.

परदेशी कंपनी शुल्क भरते, हा समज फार पक्का आहे. बंदरात माल सोडवून घेताना पैसे भरतो तो देशातलाच आयातदार. परदेशी विक्रेत्याने आपला भाव उतरवला तर थोडा भार त्याच्याकडे जातो, आणि बाजारपेठ मोठी असेल तर असं घडूही शकतं. पण अमेरिकेने २०१८ साली लावलेल्या शुल्कांचा अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा जवळजवळ सगळा भार अमेरिकी आयातदार आणि ग्राहकांवरच पडल्याचं दिसलं.

त्याच वर्षीचं वॉशिंग मशीनचं प्रकरण मी नेहमी सांगते, कारण त्यात सगळे आकडे समोर आले. वर्षाला आयात होणाऱ्या पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यापुढच्या यंत्रांवर ५० टक्के शुल्क बसलं. किमती सुमारे १२ टक्क्यांनी चढल्या. देशी कंपन्यांनीही भाव वाढवले. स्पर्धकाचा माल महागल्यावर त्यांना स्वस्त विकायचं कारण उरलं नव्हतं. कपडे वाळवायच्या ड्रायरवर तर शुल्क नव्हतंच. तरी तोही जवळपास तेवढाच महागला, कारण गिऱ्हाईक ही दोन्ही यंत्रं जोडीने घेतं आणि कंपन्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. नोकऱ्या मात्र खरोखर आल्या, साधारण १,८००. त्यासाठी ग्राहकांनी वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर जादा मोजले. सरकारला मिळालेला महसूल वजा केला तरी एका नोकरीमागे सुमारे ८ लाख १५ हजार डॉलर पडले. त्या कामगाराचा कित्येक वर्षांचा पगार त्यातून निघाला असता.

नव्या कारखान्याचं उद्घाटन सगळ्यांना दिसतं. कोट्यवधी घरांनी थोडे थोडे जादा मोजलेले पैसे कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

यावर कुणी बंद पडलेल्या कारखान्यांची आठवण करून देतं, आणि ते योग्यच आहे. चिनी आयातीच्या लाटेत अमेरिकेतल्या काही भागांमधला रोजगार गेला आणि तिथली माणसं कित्येक वर्षं सावरली नाहीत, हे संशोधनाने दाखवलं आहे. आम्ही अर्थशास्त्राच्या लोकांनी ते दुःख फार काळ कमी लेखलं. पण शुल्क लावून ते भरून निघत नाही. पोलादावर २५ टक्के शुल्क लावलं की पोलाद बनवणारा सुखावतो, पण पोलाद विकत घेऊन यंत्रं आणि सुटे भाग बनवणाऱ्याचा खर्च वाढतो, आणि अशा उद्योगांतले कामगार कितीतरी पटीने जास्त असतात. शिवाय समोरचा देश गप्प बसत नाही. चीनने अमेरिकी सोयाबीनवर शुल्क लावलं, आणि अमेरिकी सरकारला आपल्या शेतकऱ्यांना अब्जावधी डॉलरची भरपाई द्यावी लागली.

मग शुल्काने कुणाचंच भलं झालं नाही का? झालं. नव्या उद्योगाला पाय रोवेपर्यंत आसरा द्यावा, हा विचार अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने १७९१ मध्ये मांडला होता आणि त्यात तथ्य आहे. दक्षिण कोरियाने आपल्या उद्योगांना परदेशी स्पर्धेपासून भरपूर संरक्षण दिलं. पण तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने निर्यातीची उद्दिष्टं ठरवून दिली आणि स्वस्त कर्ज त्या कामगिरीशी जोडलं. घरच्या बाजारात आयता गिऱ्हाईक मिळत असला तरी परदेशी गिऱ्हाइकासमोर माल उतरवावाच लागे, आणि तिथे दर्जा कमी पडला तर लपवता येत नसे. माझ्या मते कोरियाच्या यशात शुल्कापेक्षा या सक्तीचा वाटा मोठा होता. संरक्षण अनेक देशांनी दिलं, ही सक्ती फार थोड्यांना जमली.

अट नसेल तर काय होतं? युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवलं म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरच्या हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं. कोंबड्यांचा वाद केव्हाच विरला, पण ट्रकवरचं शुल्क अर्धशतक उलटलं तरी हटलं नाही. त्याच्या आडोशाला वाढलेल्या उद्योगाला ते हटवायची घाई कधीच नव्हती. प्रवासी गाड्यांवर २.५ टक्केच शुल्क होतं, म्हणून एका कंपनीने मालवाहू व्हॅन मागच्या आसनांसह प्रवासी गाड्या म्हणून आणल्या आणि बंदरावर उतरल्यावर ती आसनं काढून टाकली. आसनं बसवायला माणसं लागली, काढायलाही लागली, आणि त्या साऱ्या श्रमातून कुणाच्याही उपयोगाची एकही वस्तू तयार झाली नाही.