लोहार बेडकाच्या मागावर : उबातुबाच्या चार रात्री

ब्राझीलमधल्या साओ पाउलोहून उबातुबा हे गाव साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तिथून रिओ-सांतोस रस्त्याने ४० किलोमीटर पुढे गेलं की सेर्रा दो मार राज्य उद्यानाचा पिसिंगुआबा विभाग लागतो. उबातुबाला तिथले लोक गंमतीने 'उबाशुवा' म्हणतात. शुवा म्हणजे पाऊस. बोआना फाबेर, म्हणजेच लोहार बेडूक, बघायचा तर हाच पाऊस हवा. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. ही फेरी डिसेंबरातली.

या बेडकाच्या नावाचा गुंता प्रवासाला निघण्याआधीच सोडवून घ्या, नाहीतर जुन्या नोंदी हाती लागत नाहीत. १८१५ ते १८१७ या काळात ब्राझील पालथा घालणाऱ्या विड-नॉयवीड या जर्मन राजपुत्राने १८२१ मध्ये त्याला 'हायला फाबेर' म्हटलं. २००५ मध्ये फाइवोविच आणि सहकाऱ्यांनी हायला या अवाढव्य प्रजातीची नव्याने वाटणी केली आणि तो 'हिप्सिबोआस'मध्ये गेला. २०१७ मध्ये द्युबुआ यांनी दाखवून दिलं की ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाचं १८२५ मधलं 'बोआना' हे नाव त्याहून जुनं आहे. संग्रहालयाच्या यादीत शोधताना तिन्ही नावं टाकून पाहा. बोआना स्त्रीलिंगी असल्यामुळे याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका बेडकाच्या 'पंक्टाटस' या नावाचं 'पंक्टाटा' झालं, पण फाबेर म्हणजे लोहार, हे नाम असल्याने त्याचा शेवट बदलला नाही.

पसारा मोठा आहे : पूर्व ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातून दक्षिणेला रिओ ग्रांदे दो सुलपर्यंत, शिवाय पूर्व पॅराग्वे आणि अर्जेंटिनाचा मिसियोनेस प्रांत. हा बेडूक मातीचं घरटं करतो, पण अमेझॉनात तसं घरटं दिसलं आणि कुणी फाबेर लिहिलं असेल, तर ती नोंद संशयाने बघा. तिथे घरटं करणारा बोआना बोआन्स आहे. आपल्या आंबोलीच्या मलबार उडत्या बेडकाशी याचं जवळचं नातं नाही. तो राकोफोरिडी कुळातला, हा हायलिडी.

अंधार पडला की डबक्यापासून पंधरा-वीस पावलांवर दिवा बंद करून थांबा. ऐरणीवर घण पडावा तसा ठणठणीत, सुटा ठोका येतो. दिवसा असाच आवाज आला तर तो अरापोंगा पक्षी. त्यालाही तिथे 'फेरेइरो', म्हणजे लोहारच म्हणतात. म्हणून वाटाड्याला विचारताना 'सापो-मार्तेलो', म्हणजे हातोडा बेडूक म्हणा.

खरी बघायची गोष्ट घरटं. काठावरच्या मऊ चिखलात नर पोटाने आणि हातापायांनी माती बाहेर ढकलतो आणि परातीएवढं गोल आळं करतो. कड आतून लिंपल्यासारखी गुळगुळीत, आत जेमतेम काही बोटं पाणी. अंडी या पाण्यावर सायीसारखी पसरतात. काठ पायाखाली ढासळला किंवा पाणी ढवळलं गेलं की साय बुडते आणि प्राणवायू न मिळून अंडी मरतात. म्हणून पाण्याच्या कडेने कधीच चालू नका. एकाच बाजूने जा, त्याच पावलांवर परत या.

नुसतं घरटं पाहून ओळख पक्की करू नका, कारण बोआना पार्डालिसही तसंच घरटं बांधतो. त्याची कातडी खरखरीत, दगडफुलासारख्या नक्षीची, आणि हातापायांच्या कडेला झालर. फाबेरची पाठ गुळगुळीत, मधोमध बारीक काळी रेघ, लांबी नऊ-दहा सेंटिमीटर. रंगावर विसंबू नका, तो एका रात्रीत बदलतो. हातात धरू नका : नराच्या अंगठ्याशी मारामारीसाठीचा काटा असतो, शिवाय पकडायला परवाना लागतो. पाठीचा एक आणि बाजूचा एक फोटो पुरेसा.

आवाज दोन-तीन मीटरवरून, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, किमान तीन मिनिटं घ्या. शेवटी वेळ आणि हवेचं तापमान तोंडाने बोला. तापमानानुसार ठोक्यांची गती बदलते, त्यामुळे त्याविना तुलना फुकट जाते.

भारतातून जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी. ब्राझीलहून परतताना त्याचा दाखला मागतात. गमबूट गुडघ्यापर्यंतचेच हवेत, कारण जराराका हा विषारी साप बेडकांच्या मागे त्याच डबक्यांवर येतो.

या जंगलांत बेडकांना रोग लावणारी कायट्रिड बुरशी पसरलेली आहे. प्रत्येक डबक्यानंतर बुटांचा चिखल आधी ब्रशने काढा, कारण मातीत ब्लीचचा जोर मरतो. मग ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, १५ मिनिटं बुडवून, पाण्यापासून दूर धुवा आणि पूर्ण वाळवा. उबातुबात ऊन मिळेलच असं नाही, म्हणून गमबुटांचे दोन जोड न्या.