होडी ओढण्यासाठी घेतलेली जुनी डिझेल इस्टेट

आमच्याकडे चौदा फुटी, फायबरची शिडाची होडी आहे. गोरेगावच्या सोसायटीत ती ठेवण्याचा विषय काढण्याचेही धाडस मला झाले नाही, म्हणून ती पनवेलजवळ मेहुण्यांच्या वाडीत शेडखाली असते. पावसाळा सरला की ती पवना धरणावर जाते आणि वर्षातून एकदा आमच्या गावी, गुहागरकडे, खाडीत उतरते. इतकी वर्षे ही ने-आण भाड्याच्या टेम्पोने चालली होती. टेम्पोचे भाडे, चढवण्या-उतरवण्याची मजुरी आणि दर खेपेला होडीच्या कडेवर उमटणारे नवे ओरखडे यांना कंटाळून मी ठरवले की ट्रेलर आपला, तर तो ओढणारी गाडीही आपलीच असावी.

गाडी डिझेल हवी हे लगेच ठरले, कारण ओढकामाला इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) मिळणारे बळ लागते. माझ्या मनातल्या १.९ लिटरच्या जुन्या टर्बो डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, २१० न्यूटन-मीटर आहे आणि तो १,९०० फेऱ्यांनाच हाती येतो. दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला त्याच्या दोन-तृतीयांश बळासाठीही चार हजार फेऱ्यांपर्यंत चढावे लागते, आणि मागे ओझे असताना घाटात दर वळणावर हा फरक कळतो. उंच एसयूव्ही मला नको होती. शिडे, दोर आणि जीवरक्षक जाकिटे आत कोरडी राहावीत, बसण्याच्या जागेत त्यांचा पसारा नसावा आणि टपावर काही बांधायचे झाले तर स्टूल लागू नये, एवढ्या अटी घातल्या की स्टेशन वॅगनच उरते. परदेशात तिला इस्टेट म्हणतात.

अडचण अशी की आपल्याकडे हा प्रकार कधी रुजलाच नाही. टाटांनी १९९२ साली ‘इस्टेट’ याच नावाची डिझेल गाडी काढली आणि २००४ मध्ये इंडिगो मरिना आणली. स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बीही काही वर्षे मिळत होती. लांब डिकीच्या गाडीला रुग्णवाहिकेची उपमा देऊन मोकळे होणाऱ्या आपल्या लोकांनी यांतली एकही डोक्यावर घेतली नाही. त्यामुळे बाजारात आज जे उरले आहे ते थोडे आणि जुने आहे.

काटकसरीचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मुंबईत पेट्रोल १०३ आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास होते. २०१२ साली हीच तफावत तीस रुपयांच्या घरात होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्यावर जुनी चैन संपली. पेट्रोल गाडी लिटरला १३ किलोमीटर आणि डिझेल १८ किलोमीटर देते असे धरले, तर किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ९० पैसे वाचतात. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवली तर २९,००० रुपये वाचतील. ६,००० चालवली तर साडेसतरा हजार, आणि एका क्लचच्या कामात त्यातले बरेच जातात. केवळ इंधन वाचवण्यासाठी जुने डिझेल घेणे मुंबईतल्या चाकरमान्याला परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले. मला ते परवडते, कारण आमचे बहुतेक किलोमीटर महामार्गावरचे आहेत आणि टेम्पोचे भाडे वाचते ते वेगळेच.

मी तीन गाड्या पाहिल्या. ठाण्यातली पहिली गाडी दाखवणाऱ्या एजंटने मी पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवले होते. बॉनेटला हात लावला आणि परत निघालो, कारण डिझेलची खरी प्रकृती थंड इंजिन सुरू होताना कळते: किती वेळ स्टार्टर मारावा लागतो, पांढरा धूर येतो का आणि तो किती वेळ टिकतो. दुसऱ्या गाडीचा सीट बेल्ट मी पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती आणि स्टेपनीखालच्या खळग्यात बारीक माती, म्हणजे गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात बुडालेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर हे तपासण्याची सवय या शहरातल्या पुष्कळांना लागली; ती अजून उपयोगी पडते.

तिसरी गाडी २००८ सालची कॉम्बी. ती पाहायला मी लालबागच्या आमच्या मिस्त्रींना सोबत नेले. त्यांनी मीटरकडे पाहिलेच नाही.

“साहेब, किलोमीटर कोणीही मागे फिरवतो. क्लच पेडलचं रबर बदलायचं मात्र कोणाला सुचत नाही.”

ते रबर झिजून गुळगुळीत झाले होते, पण तेवढे वय गाडी कबूलही करत होती. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडले; आतून वाफेचे भपकारे येत नव्हते, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन (झिजलेल्या पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा वायू) नव्हते. चढावर चौथ्या गिअरमध्ये फेऱ्या कमी असताना मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. क्लच घसरत असता तर फेऱ्या वाढल्या असत्या आणि वेग जागच्या जागी राहिला असता. तसे झाले नाही. शेवटी गाडीखाली वाकून मागच्या बंपरच्या आत हुक बसवल्याची जुनी भोके आहेत का, हे पाहिले. ती असती तर मी कदाचित गाडी सोडून दिली असती. स्वतः ओझे ओढण्यासाठी गाडी घेणाऱ्याने दुसऱ्याने ओझे ओढलेली गाडी नाकारावी, हा विरोधाभास बायकोने लगेच पकडला, पण क्लच आणि मागच्या स्प्रिंगा दुसऱ्याच्या सवयींनी झिजतात आणि बिल आपल्या नावावर येते.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मालकाकडे नव्हती. या इंजिनात तो पट्टा तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात, म्हणून त्याचा आणि पाण्याच्या पंपाचा खर्च आम्ही किमतीतून वजा करून घेतला.

कागदपत्रांत दोन गोष्टी होत्या. पंधरा वर्षे झाल्यावर पर्यावरण कर भरून आणि फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी केलेली पुनर्नोंदणी मालकाने आधीच उरकली होती, त्यामुळे मला केवळ नमुना २९ आणि ३० भरून हस्तांतरण करायचे होते. दुसरी गोष्ट ट्रेलरची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी स्वतंत्र करावी लागते. वेल्डरकडून चौकट जोडून घेतली आणि निघालो, असे चालत नाही.

होडी, शिडकाठी आणि ट्रेलर मिळून वजन २६० किलोच्या आसपास भरते. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ब्रिटनमध्ये ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मे, यांतली कमी ती मर्यादा आहे. आमचे ओझे त्याच्या पुष्कळ आत बसते. पण एकूण वजनाइतकेच महत्त्व गाडीच्या हुकावर येणाऱ्या भाराला असते. तो एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के असावा असा संकेत आहे, म्हणजे आमच्या बाबतीत पंधरा-सोळा किलो. वाडीत घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवून मोजला तर तो सहाच किलो निघाला. तसेच निघालो असतो तर वेगात ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली असती. होडी वीतभर पुढे सरकवली आणि काटा पंधरावर आला.

पहिल्या फेरीत बोरघाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने तक्रार केली नाही. उतरताना मात्र मी चुकलो. डिझेल इंजिन गाडी चांगली रोखून धरते असा माझा समज होता. वस्तुतः त्या जुन्या इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसल्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा अटकाव कमीच असतो. अर्ध्या उतारावर ब्रेकचा वास आला, तेव्हा दुसऱ्या गिअरवर आलो आणि मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकत खालपर्यंत तसाच राहिलो.

मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल आणि डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे अभ्यासण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. आमच्या गाडीची नोंदणी २०२८ पर्यंत आहे. त्यामुळे मिस्त्रींनी क्लचबरोबर फ्लायव्हीलही (क्लच ज्यावर टेकतो ते इंजिनाचे जड चाक) बदलून टाकू या असे सुचवले, तेव्हा मी त्यांना सध्या फक्त बेल्ट आणि पंप करायला सांगितले.