ध्वनिनकाशात हॉर्न कुठे दिसतो?

मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली राज्यातील महापालिका क्षेत्रांचे ध्वनिनकाशे, म्हणजे कुठे किती आवाज आहे ते दाखवणारे नकाशे, तयार करण्याचे आदेश दिले आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने 27 शहरांत मोजमापे घेतली. गोंगाटाची तक्रार ‘आता सहन होत नाही’ एवढ्यावर न थांबता कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, किती डेसिबल अशी मांडता येऊ लागली, हे मला फार मोलाचे वाटते. कायद्याची मर्यादा तर 2000 सालापासून आहेच: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल.

मात्र नकाशा कसा तयार होतो, ते पाहिले पाहिजे. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार तिथल्या मोठ्या शहरांना दर पाच वर्षांनी ध्वनिनकाशा करावा लागतो, आणि तो बहुतांशी मोजलेला नसून गणिताने काढलेला असतो. वाहनांची संख्या, वेग, रस्त्याचा पृष्ठभाग आणि इमारतींची उंची जीआयएस या, नकाशावर माहितीचे थर मांडणाऱ्या, संगणक प्रणालीत भरली की प्रत्येक दर्शनी भिंतीवर किती आवाज आदळेल, याचा अंदाज मिळतो. या गणितात हॉर्नला जागाच नाही, कारण तिथे त्याची फारशी गरज पडत नाही.

आपल्याकडे सिग्नल हिरवा व्हायला चार-पाच सेकंद उरली की मागच्या रांगेतून हॉर्नचा गजर सुरू होतो, आणि हातातल्या मोबाइलवरचा डेसिबलचा आकडा पाहता पाहता उसळी घेतो. (मोबाइलचा माइक प्रमाणित नसतो, त्यामुळे नेमका आकडा मी पुरावा म्हणून मांडणार नाही, चढउतार मात्र खरा असतो.) प्रत्यक्ष मोजूनही सरासरी काढली की हा चढउतार विरघळतो. दिवसभर 65 डेसिबल आवाज असलेल्या जागी 95 डेसिबलचा हॉर्न दहा सेकंद वाजला, तर सोळा तासांची सरासरी एका डेसिबलनेही वाढत नाही. दचकून उठलेल्या तान्ह्या बाळाची नोंद त्यात कुठेच होत नाही. म्हणून आपल्या नकाशांत सरासरीच्या जोडीला अशा उसळ्यांची संख्या आणि त्यांचे कारण स्वतंत्र थरात दाखवले पाहिजे. वाहने निम्मी केली तरी आवाज जेमतेम तीन डेसिबलने उतरतो. हॉर्न आवरण्याला त्या मानाने खर्च जवळजवळ नाहीच.

युरोपीय निर्देशातली एक तरतूद मात्र आपण जशीच्या तशी उचलावी: शहरातल्या शांत जागा नोंदवून त्या जपणे. पुण्यात वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद झाडे, भूजल आणि वाहतूक यांभोवती फिरतो. टेकडीवरचा आजचा आवाज आणि रस्ता झाल्यावरचा अपेक्षित आवाज दाखवणारे दोन नकाशे, झाडांच्या आणि ओढ्यांच्या थरांसह, हरकती मागवण्याआधीच महापालिकेने लोकांसमोर ठेवायला हवेत.